निजलेलं लेकरू उठवावं का?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर. वक्त्या निवृत्त आरोग्यसेविका आहेत.)



नोकरीच्या काळात बाळंतिणीच्या घरी गेले की एक प्रश्न हमखास विचारला जायचा. तो औषधाचा नसायचा, की लसीचाही नसायचा. "बाई, लेकरू निजलंय. पाजायला उठवावं, का आपोआप उठू द्यावं?" प्रश्न ऐकायला अगदी साधा. पण त्याचं बरोबर उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही. ते एका चार दिवसांच्या मुलीने शिकवलं, आणि तेही मी चुकल्यावर. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

जिंतूर तालुक्यातलं येलदरी म्हटलं की लोकांना पूर्णा नदीवरचं धरण आठवतं. साठच्या दशकात बांधलेलं हे धरण. त्याच्या आसपासच्या गावांमध्ये मी १९८६ साली कामाला लागले. वय बावीस, हातात पिशवी, पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि लोहाच्या गोळ्या. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर पायी. तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून व्हायची.

त्या वर्षीच्या श्रावणात एका घरी पहिलटकरीण माहेरी आली होती. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले, झोळीत घालून वजन केलं, दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. वजन कमी होतं, पण रंग चांगला, श्वास चांगला. खाटेखाली शेगडी, खोलीत धुरीचा वास, आणि लेकरू दोन दुपट्यांत गुंडाळून, कुंची घालून गाढ निजलेलं. मी विचारलं, "पिते का?" आजी मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "लई शहाणी हाय, बाई. रडणं नाही की कुरकुर नाही. नुसती निजायली. उठली की पाजू."

मी पदराखालचं दूध बघितलं नाही. लेकराला उठवून ओढ आहे का तेही बघितलं नाही. उलट मीच म्हणाले, "झोपतंय तर झोपू द्या, आजी. झोपेत लेकरू वाढतं." वहीत नोंद केली आणि पुढच्या घरी गेले.

दोन दिवसांनी निरोप आला, लेकरू डोळे उघडत नाही. मी पोचले तेव्हा पोरीचे पाय गार होते. तोंड कोरडं. अंग पोटापर्यंत पिवळं. लंगोट सकाळपासून कोरडा. पुन्हा झोळीत घातलं, तर एक किलो आठशे. दोन दिवसांत तीनशे ग्रॅम उतरले होते. दोन किलोच्या जिवातले तीनशे ग्रॅम म्हणजे किती, हे घरात काटा हातात धरणाऱ्या माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. तळपाय चोळले तेव्हा बारीक कण्हली. आईचा चीक पिळून ओठांना लावला, तर जीभ हलली. ती गिळतेय हे बघून थेंब थेंब चमच्याने पाजला. आईच्या उघड्या छातीशी पोरीला धरून वरून लुगडं गुंडाळलं आणि मिळेल त्या गाडीने आधी जिंतूर, मग परभणी गाठली. अकरा दिवस दवाखान्यात राहून पोर वाचली. पण ती माझ्या शहाणपणाने वाचली नाही, हे मला माहीत आहे. आणखी एक रात्र ती 'शहाणी' राहिली असती तर मी आज तिची गोष्ट वेगळी सांगितली असती.

श्रोतेहो, आपल्यात एक म्हण आहे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. व्यवहारात ही म्हण ठीक आहे. ज्याला काही हवं असेल त्याने मागावं, बोलावं. पण नुकत्याच जन्मलेल्या लेकराला ही म्हण लावली की घात होतो. कारण रडायलाही ताकद लागते. वजनाने कमी, दिवसाआधी जन्मलेलं किंवा कावीळ चढत असलेलं बाळ भूक लागली तरी रडत नाही. ते निजतं. भूक लागून जागं होण्याऐवजी भुकेनेच अधिक गळून निजतं. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, किती गुणी बाळ!

हे का होतं ते समजून घेऊ या. जन्मल्यावर पहिला तास-दोन तास बाळ चांगलं जागं असतं, डोळे उघडून बघतं, तोंड हलवतं. पहिल्यांदा पाजण्याची हीच उत्तम वेळ. त्यानंतर ते थकून झोपतं. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, त्यात काही वावगं नाही. पण त्याचं पोट अगदी लहान असतं. पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमचा चीक त्याला पुरतो. आईचं दूध पचायलाही हलकं, दीड-दोन तासांत पोट मोकळं होतं. म्हणून बाळाला थोडं थोडं आणि वारंवार लागतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा.

आता हे आठ-दहा वेळचं पाजणं चार-पाच वेळांवर आलं तर काय होतं? अंगातली साखर उतरते. साखर उतरली की बाळ सुस्तावतं. सुस्तावलं की ओढत नाही. ओढलं नाही की आईला दूध कमी येतं. मग जेव्हा केव्हा ते पितं तेव्हा पुरेसं मिळत नाही, आणि ते पुन्हा निजतं. हे चक्र एकदा सुरू झालं की बाहेरून कुणी मोडल्याशिवाय मोडत नाही.

आमच्या भागात धरण आहे म्हणून मी बायकांना असं सांगायची : धरणाचं पाणी अडवलं की साठतं, आईच्या दुधाचं तसं नाही. ते विहिरीसारखं आहे. उपसा चालू राहिला तर झरे मोकळे राहतात. 'आता नाही पाजलं तर पुढच्या वेळी जास्त साठेल' हा हिशेब चुकीचा. भरलेली छाती शरीराला सांगते, पुरे आता, कमी बनव. म्हणून पहिल्या पंधरवड्यात बाळाने वारंवार ओढणं हे जितकं बाळाच्या पोटासाठी, तितकंच आईच्या दुधासाठी आवश्यक असतं. रात्रीचं पाजणं तर विशेष, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री अधिक असतं.

कावीळीचंही तसंच. निम्म्याहून अधिक नवजात बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. ती उतरते कशी, तर पिवळं द्रव्य शीवाटे बाहेर पडतं. पोटात दूध गेलं तरच शी होणार. बाळ झोपून राहिलं, शी कमी झाली, की कावीळ चढते. आणि कावीळ चढली की झोप आणखी वाढते. इथे कोवळ्या उन्हात धरून वाट बघत बसू नये. पाजावं, आणि पिवळेपणा वाढतोय असं वाटलं तर दाखवावं.

मग नेमकं करायचं काय? माझं उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग असा. जन्मानंतर प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. तीन किलोचं बाळ दोनशे ग्रॅमने उतरलं तर घाबरायचं कारण नाही. चांगलं पिणारं बाळ दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. तोवर बाळाला उठवून पाजायचं. दिवसा एका पाजण्यापासून दुसऱ्या पाजण्यापर्यंत तीन तासांच्या वर आणि रात्री चार तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल, सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा कावीळ असेल, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अशा बाळाच्या डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळायचं. मोजणी मागच्या पाजण्याच्या सुरुवातीपासून करायची, शेवटापासून नाही. पाजण्यातच पाऊण तास गेला तर घड्याळ फसवतं.

दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा. दिवस पूर्ण भरून जन्मलेलं, चांगलं ओढणारं बाळ एकदा जन्माच्या वजनावर परत आलं, रोज लंगोट ओले करतंय, वजन वाढतंय, तर मग त्याला झोपेतून उठवायचं कारण नाही. तेव्हा आजीचंच खरं. ते भुकेने आपणहून उठेल. रात्री सलग चार-पाच तास झोपलं तर आईनेही झोपून घ्यावं. आणि बारशाला आलेल्या पाहुण्यांना तोंड बघायचंय म्हणून तर कधीच उठवू नये.

म्हणजे 'निजल्या लेकराला उठवू नये' हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका खोट्या नाहीत. त्यांचं सांगणं पंधरा दिवसांनंतरच्या, वजनाला लागलेल्या बाळासाठी खरं आहे. आपण ते पहिल्या दिवसापासून लावतो, तिथे चूक होते.

उठवायचं कसं, हेही सांगते, कारण यातही अघोरी प्रकार मी पाहिले आहेत. तोंडावर पाणी शिंपडणं, कानावर टिचकी मारणं, गालाला चिमटा काढणं, यातलं काही करू नका. आधी दुपटं सोडा. नवजात बाळाला ऊब हवी, पण शेगडी, कुंची आणि दोन-तीन दुपटी यांच्या उकाड्यात ते अधिकच गुंगतं. धूर तर त्याच्या छातीला नकोच. मग लंगोट बदला. तळपाय आणि पाठ हळूहळू चोळा. उभं धरून त्याच्याशी बोला. आईच्या उघड्या छातीशी उघडं बाळ ठेवा आणि वरून पांघरूण घ्या; पुष्कळदा एवढ्यानेच बाळ तोंड शोधायला लागतं. ओठांवर दुधाचे दोन थेंब पिळा. पिता पिता झोपलं तर छाती हलकेच दाबून दूध त्याच्या तोंडात येऊ द्या, किंवा बाजू बदला. बाळ झोपेत चुळबुळतंय, पापण्यांखाली डोळे हलतायत, हात तोंडाकडे नेतंय, ओठ चोखतंय, अशी वेळ साधली तर उठवायला फार कष्ट पडत नाहीत. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधीच्या या खुणा ओळखायला शिकलं पाहिजे.

जागं झालं पण ओढत नाही, गिळतं मात्र आहे, अशा बाळाला आईचं दूध स्वच्छ वाटीत पिळून चमच्याने पाजता येतं. बाटली नको. मध, गुटी, साखरेचं पाणी नको. मात्र शुद्धीवर नसलेल्या बाळाच्या तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासात जाईल.

पुरेसं मिळतंय का हे कसं ओळखायचं? पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू व्हायला हवी. पहिली काळी शी जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पिताना गिळण्याचा आवाज यायला हवा. आणि सगळ्यांत खरा साक्षीदार म्हणजे वजनकाटा.

आता धोक्याची गोष्ट. झोप आणि गुंगी यांत फरक आहे. निजलेलं बाळ उठवलं की कुरकुरतं, तोंड वाकडं करतं, हातपाय ओढून घेतं. गुंगीतलं बाळ उठवूनही उठत नाही, उठलं तरी पीत नाही, हातपाय लोंबतात. आधी चांगलं पिणाऱ्या बाळाने पिणं सोडलं तर तो आजार समजायचा, मग ताप असो वा नसो. अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, झटके, पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि वाटेत बाळाला आईच्या छातीशी उबेत ठेवायचं.

हे ओळखायला मोठी पदवी लागत नाही, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं रडणं क्षीण झालं का, ओढणं कमी झालं का, ते गुंगतंय का, अंग गार पडलंय का, हे त्या घरोघर जाऊन बघत. तिसऱ्या वर्षी तिथलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्या कामाच्या वाटेने पुढे २०११ साली देशभरात आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते, वजन करते. तिला दारातून परत पाठवू नका. 'लेकरू निजलंय, नंतर या' असं म्हणू नका. मी वहीत नोंद करून पुढे गेले तशी ती गेली, तर तिचा काय उपयोग? तिला बाळ उघडून बघू द्या, तिच्यासमोर पाजा.

शांत बाळाचा मोह आपल्याला फार जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना लेकरांना अफूची 'बाळागोळी' देत, याच्या नोंदी १९२०च्या दशकातल्या आहेत. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांना पाळीवर जायचं होतं आणि लेकराजवळ कुणी नव्हतं. लेकरू निजलेलं राहावं ही त्यांची गरज होती, लेकराची नव्हती. आज बाळागोळी ऐकू येत नाही, पण घर दमलेलं असलं की निजलेलं बाळ आपल्यालाही सोयीचंच वाटतं.

म्हणून शेवटची गोष्ट मला आईला नाही, घरच्यांना सांगायची आहे. दर तीन तासांनी उठवायचं म्हटलं की ते काम आपोआप बाळंतिणीच्या गळ्यात पडतं. तिचं अंग दुखतंय, टाके ओढतायत, रात्र रात्र झोप नाही. आणि वरून आपण म्हणतो, 'तूच आई, तुलाच कळायला हवं.' श्रोतेहो, पाजणं आईलाच करावं लागतं, पण उठवणं कुणीही करू शकतं. घड्याळ बापाने बघावं. लंगोट बदलून, तळपाय चोळून, जागं झालेलं बाळ त्याने आईच्या कुशीत द्यावं. पाजून झालं की ढेकर काढायला आजीने घ्यावं. दोन पाजण्यांमधली झोप आईला पुरी मिळाली पाहिजे.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री घर जागं राहतं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात, म्हणून दिवा लावतात, पाटा पुजतात, बायका जागतात. मी कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवत नाही. एवढंच म्हणते, की जी माणसं एक रात्र जागू शकतात, त्यांनी पहिले चौदा दिवस पाळी लावून थोडं थोडं जागावं. लेकराच्या नशिबात काय लिहिलं जातंय, यात त्या जागण्याचा मोठा वाटा आहे.

तुमच्या घरात सध्या तान्हं बाळ असेल, तर हे ऐकून झाल्यावर एक करा. मागच्या वेळी कधी पाजलं, ते विचारा. तीन तास होऊन गेले असतील आणि बाळ अजून वजनाला लागलं नसेल, तर जा आणि दुपटं सोडा.